आबांचं मालवण

बुलढाणा जिल्ह्यातल्या आम्हा चिखलीकरांना पाणी म्हणजे उन्हाळ्यात आटणारी पैनगंगा. समुद्र आमच्या घरात आला तो आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, बदलीमुळे. १९६०च्या दशकात त्यांची सरकारी नोकरीत मालवणला बदली झाली. चिखलीहून एसटीने मलकापूर, रेल्वेने मुंबई आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोट. मालवणच्या बंदरात खडक फार, त्यामुळे आगबोट लांबच नांगर टाकी आणि तिथून लहान पडावात उतरावं लागे. पडाव लाटेबरोबर वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. तान्ह्या बाळाला, म्हणजे माझ्या वडिलांना, एका खलाशाने वरून दिलं, दुसऱ्याने खाली झेललं. हे सांगताना आजी उतारवयातही पदर मुठीत घट्ट धरायची.

आबांचे घरमालक म्हातारे तांडेल होते, गाबीत समाजातले. उभी हयात शिडाच्या गलबतावर गेलेली. "मास्तरांनू, वाऱ्याक इचारल्याबिगर शीड उघडूचा नाय," असं म्हणून ते जुन्या गोष्टींना हात घालत. आबा मास्तर नव्हते, पण वही घेऊन बसत म्हणून ते नाव पडलं.

त्या गोष्टींत सिंधुदुर्ग असायचाच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला. पायात शिसं ओतलं आणि तीन वर्षांत तट उभा केला. महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला, की होडी अगदी जवळ आली तरी तो दिसत नाही. आजीला मात्र तटापेक्षा दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं अप्रूप. "चहूकडं एवढं पाणी, अन् प्याले थेंब नाई," म्हणून आधी वैतागलेली आजी खाऱ्या समुद्रातलं ते गोडं पाणी प्यायली आणि तिने विहिरीलाच हात जोडले.

फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं घेऊन थेट कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरवर गेले. गुराब म्हणजे मोठी, तोफांची, पण जड नौका. वारा पडला की वल्ह्यांची चपळ गलबतं तिला ओढून नेत. आबांच्या वहीत तांडेलांनी स्वतः काढून दिलेलं गुराबेचं चित्र आहे, डोलकाठ्या आणि दोरांसकट. हे आरमार उभारणाऱ्या राजाची आई आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडची. म्हणून समुद्राशी आपला काय संबंध, हे आमच्याकडचं बोलणं मला पटत नाही.

पुढे १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं. ते टिकलं नाही. शिडं गेली, मग आगबोटही बंद झाली. आज मालवण-तारकर्ली पर्यटकांनी भरलेली असते. २०२३ चा नौदल दिन तिथे साजरा झाला, तेव्हा आबा हवे होते असं फार वाटलं.

आता चिखलीहूनही कुटुंबं मालवणला जातात. स्कूबा जरूर करा, मुलांना आनंद होतो. पण आधी मोरयाचा धोंडा पाहा, आणि किनाऱ्यावर एखादे वयस्क तांडेल भेटले तर त्यांच्यापाशी तासभर बसा. ते सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्या नावासकट. राजांची नावं बखरींत आली, या माणसांची आली नाहीत. शिडाचं गलबत हाकलेले हात आता थोडेच उरलेत, तेव्हा येत्या सुट्टीतच जा.