लेकरांच्या डोळ्याला इजा : चुन्याची पुडी, पऱ्हाटीची काडी अन् फटाका, काय करावे, काय करू नये

यवतमाळ : लहान पोरांच्या डोळ्याला होणाऱ्या बहुतेक इजा घरात, अंगणात नाहीतर वावरात होतात आणि त्यातल्या बऱ्याच टाळता येतात. मात्र इजा झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय केले, यावर नजर वाचणे अवलंबून असते.

इजा कशाने होते?

चुना : आपल्याकडे खर्रा घरोघरी. चुन्याची पुडी किंवा ट्यूब लेकरू दाबते, ती फुटते अन् चुना थेट डोळ्यात जातो. चुना अल्कली आहे. तो बुबुळ जाळत आत उतरतो. पुडी पोरांचा हात पोहोचेल अशा जागी ठेवूच नये.

पऱ्हाटी, तुराटी, काटे : पिकाची काडी लागून बुबुळाला ओरखडा जातो. त्यातून बुरशी शिरते आणि काही दिवसांनी डोळ्यात पांढरा डाग, म्हणजे फूल पडते. पऱ्हाटी उपटताना, काटेरी कुंपण करताना पोरं लांब ठेवा.

खेळ : विटी-दांडू, गलोल, खराट्याच्या काडीचा धनुष्यबाण. खेळू द्या, पण तोंडाकडे नेम नको अन् विटीसमोर लहान पोरं नकोत.

फटाके आणि कार्बाईड गन : 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात पाईपच्या कार्बाईड गनने अनेक मुलांचे डोळे जखमी झाले. कार्बाईडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो अन् मागे चुनाच उरतो. म्हणजे भाजणे आणि चुना, दोन्ही एकदम. गन उडाली नाही म्हणून पोरगं नळीत डोकावते, तेव्हाच स्फोट होतो. वानरं हाकलायला आणलेली असली तरी पोरांच्या हाती देऊ नका. न फुटलेल्या फटाक्यावरही वाकू नये.

फवारणी : 2017 च्या खरिपात विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. फवारणीच्या वावरात लेकरं नेऊ नका. औषधाचे रिकामे डबे खेळायला देऊ नका.

इजा झाल्यावर

चुना, औषध, ॲसिड गेले तर : जागेवरच स्वच्छ पाण्याने किमान 20 ते 30 मिनिटे डोळा धुवा. पापणी उघडी धरा, चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडाने काढा. धुतल्यावरच दवाखान्यात निघा. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या.

टोकदार वस्तू घुसली तर : ओढून काढू नका, धुऊ नका, दाबू नका. कागदी कप डोळ्यावर न दाबता उपडा ठेवून चिकटपट्टी लावा. ऑपरेशन लागू शकते, म्हणून लेकराला खायला-प्यायला देऊ नका.

चेंडू, विटीचा मार लागला तर : वरून ठीक दिसले तरी आत रक्त साचू शकते. अंधुक दिसणे, दुखणे, उलटी, बुबुळामागे रक्त किंवा बाहुलीचा आकार बदललेला दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

हे करू नका

डोळा चोळणे, तूप, मध, अंगावरचे दूध किंवा झाडपाल्याचा रस टाकणे. मेडिकलमधून मनाने ड्रॉप आणणे त्याहून वाईट. त्यात स्टेरॉईड असले तर बुरशीची जखम झपाट्याने वाढते.

कुठे न्यावे?

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तिथून गरजेप्रमाणे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा.

सात-आठ वर्षांखालच्या लेकराचा डोळा महिनोन् महिने झाकोळलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याने पाहणे शिकतच नाही. म्हणून ‘मोठा झाल्यावर पाहू’ असे म्हणू नका. अन् मार खाण्याच्या भीतीने पोरं इजा लपवतात. आधी रागावू नका, आधी डोळा पाहा.