दुग्धप्रथिनांचे मापन : नत्रापासून जैवसंवेदकापर्यंत

१८८३ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातील प्रथिने मोजण्याची रीत सिद्ध केली. तीत प्रत्यक्ष मोजला जातो तो नत्र. दुधाच्या बाबतीत त्यास ६.३८ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. खूण आणि वस्तू यांतील हे अंतर २००८ साली चीनमध्ये घातक ठरले. पाणी घातलेल्या दुधात नत्रबहुल मेलामाइन मिसळले गेले. आकडा पुरा भरला, परंतु सहा अर्भके दगावली व सुमारे तीन लक्ष आजारी पडली. १९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे विकसित झालेले जैवसंवेदक प्रतिपिंडाच्या साहाय्याने केसीनसारखे विशिष्ट प्रथिनच ओळखू शकतात. केल्डालची रीत आजही प्रमाण मानली जाते; मात्र नत्र किती आणि तो कशाचा, हे दोन प्रश्न भिन्न होत.