शिवीगाळीतली गाळ

सांगलीकडच्या आमच्या शेतात बांधावरून भावकीत भांडण झाले. फिर्यादीत 'शिवीगाळ केली' असे लिहिले गेले आणि मी त्या 'गाळ' शब्दाशी अडलो. हा नदीतला गाळ नव्हे. संस्कृत 'गालि' म्हणजे शिवी, शाप. तिचेच हे मराठी रूप. 'गालिप्रदान' या शब्दातही तीच आहे.

शिलाहार-यादवकाळात दान दिलेली जमीन कोणी बळकावू नये म्हणून दगडावर गाळ कोरीत. त्यावरच्या गाढव आणि स्त्रीच्या शिल्पामुळे ते दगड गधेगाळ म्हणून ओळखले जातात. अपरादित्य शिलाहाराचा परळचा ११८७चा लेख संस्कृतात आहे, शेवटचा शाप मात्र मराठीत. दान पंडितांच्या भाषेत, धाक लोकांच्या! पण गुन्हा जमीन लाटणाऱ्याचा आणि विटंबना त्याच्या आईची. आमच्या बांधावरही आठशे वर्षांनंतर तेच झाले.

सातारा जिल्ह्यातल्या सुखेड आणि बोरीच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. तो 'बोरीचा बार'. वर्षातला तेवढाच एक दिवस गाळ बाईच्या नावाने नव्हे, तिच्या तोंडून निघते.