कांतोनिस्त : झारशाही सैन्यातील बालभरती

झार पहिला निकोलस याच्या २६ ऑगस्ट १८२७ च्या हुकुमान्वये रशियातील ज्यू समाजावर प्रत्यक्ष सैनिकभरतीचे बंधन आले. भरतीचे वय १२ ते २५ ठरले, व १८ वर्षांखालील मुले 'कांतोनिस्त' पलटणींत धाडली जाऊ लागली. ही संस्था मुळात नवी नव्हे. सैनिकाचा पुत्र जन्मतःच सैन्याचा, या तत्त्वावर ती पूर्वीच उभी होती. धर्मांतराचा हेतू मात्र तीस येथे नव्याने जडला. पंचवीस वर्षांची चाकरी अठराव्या वर्षापासून मोजीत. तत्पूर्वीचा काळ हिशेबात धरीत नसत.

माणसे निवडण्याचे काम सरकारने जमातीच्या पंचांवरच, म्हणजे 'काहाल'वर, सोपविले. व्यापारी व धर्मगुरू यांस सूट असल्याने भार दरिद्री व पोरक्या मुलांवर पडला. मुले पकडून आणणारा भाडोत्री वर्गच निर्माण झाला. यावरून पंचांसच मुख्य अपराधी मानण्याचा मोह होतो. आम्हांस ते पटत नाही. भरतीची संख्या, मुदत व दंड ही तिन्ही सरकारने ठरविलेली होती. शिवाय १८४४ मध्ये काहाल रद्द झाल्यावरही भरती थांबली नाही.

१८३५ मध्ये हद्दपारीच्या वाटेवर हर्झेनला भेटलेल्या तांड्यात आठ-नऊ वर्षांची मुले होती. हुकुमातील बारा आणि रस्त्यावरील आठ यांमधील अंतर कायद्याचा मजकूर वाचून कळत नाही. त्यासाठी अशा आठवणीच धुंडाळाव्या लागतात.

१८५६ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने ही बालभरती बंद केली. बाप्तिस्मा दिलेली अल्पवयीन मुले मात्र ज्यू मातापित्यांकडे परत धाडली गेली नाहीत.