वापरातून गेलेली नामे : सी भाषेतील जुन्या मॅक्रोंचा लोप

कर्वेनगर हे आज पुणे शहराचे एक उपनगर होय. त्याचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमामुळे हिंगणे हे नाव महाराष्ट्रास परिचित झाले. पुढे नित्य व्यवहारात ते मागे पडले. तरी जुना कागद वाचावयाचा तर ते ठाऊक असावेच लागते. वापरातून गेलेले नाव आणि निरुपयोगी नाव ह्यांतील हा भेद सी ह्या संगणकभाषेच्या इतिहासातही आढळतो.

सी भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. लवकरच तीत मॅक्रोंची सोय झाली. मॅक्रो म्हणजे असे नाम की, आज्ञावली कंपायलरच्या हाती जाण्यापूर्वीच त्याच्या जागी ठरविलेला मजकूर बसविला जातो.

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणकाने फलनाच्या घोषणेत प्राचलांचे प्रकार लिहिण्याची रीत प्रमाण ठरविली. जुन्या कंपायलरांना ती कळत नसे. दोन्ही पिढ्यांचे कंपायलर एकाच मजकुरावर चालावेत म्हणून बर्कली परंपरेच्या युनिक्समध्ये, आरंभी दोन अधोरेषा असलेला 'पी' हा मॅक्रो वापरात होता. नव्या कंपायलरपुढे तो प्राचलांची यादी जशीच्या तशी ठेवी. जुन्यापुढे केवळ रिकामा कंस. जुने कंपायलर मागे पडल्यावर २००२ साली फ्रीबीएसडीच्या मजकुरातून त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर काढण्यात आला. व्याख्या मात्र त्यानंतरही शीर्षक-फाइलीत राहिली. हा भेद अर्थपूर्ण आहे. घरच्या मजकुरात नाम उरले नाही, एवढ्यावरून ते परक्या आज्ञावलींतही नाही असे ठरत नाही.

वापरातील साधा मॅक्रो चुकून काढला, तर कंपायलर बहुधा तक्रार करतो. परंतु 'इफ' ह्या पूर्वप्रक्रियेच्या अटीतील अव्याख्यात नाम भाषेच्या नियमानेच शून्य मानले जाते. तेथे अटीखालचा मजकूर निमूटपणे गळतो; आज्ञावली तयार होते, पण तिचे वर्तन बदललेले असते. शिवाय दोन तुकडे जोडून सिद्ध होणारे नाम साध्या शोधात सापडतही नाही.

मृत नामे ठेवून देणे हाही उपाय नव्हे. कारण प्रत्येक नाम वाचकास नसलेल्या यंत्राचा विचार करावयास लावते. सबब, मॅक्रो कोणत्या गरजेतून आला, ती गरज केव्हा संपली आणि त्याला अद्याप कोण हाक मारतो, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळविली पाहिजेत. अनुपयोग हा गृहीत धरावयाचा नसून पुराव्याने सिद्ध करावयाचा असतो.