नागपूरचा मे महिना आणि जीपमधले पाणी

मे महिन्यात दुपारी एखादी जुनी जीप रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी दिसते. रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि कोणीतरी जवळच्या टपरीवर पाणी मागायला गेलेले असते. हीच जीप डिसेंबरात त्याच रस्त्याने बिनतक्रार जाते. मग पाच महिन्यांत इंजिनाचे काय बिघडते? बहुतेक वेळा नवे असे काहीच बिघडत नाही. आधीपासून असलेली कमतरता फक्त उघडी पडते. ती नागपुरात इतक्या ठळकपणे का दिसते, हे समजण्यासाठी इंजिन थंड ठेवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहणे उपयोगी पडेल. वर्गात शिकवलेले उष्णतेचे बहुतेक सगळे धडे या इतिहासात भेटतात.

प्रथम हिशोब पाहू. जुन्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेतला मोठा भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळपास तेवढाच भाग सिलिंडरच्या भिंतींत शिरतो. तो काढून घेतला नाही, तर वंगणाचे तेल जळते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, सिलिंडरचे हेड वाकते. म्हणून सिलिंडरभोवती पोकळी ठेवून तीत पाणी खेळवतात. पाण्याची विशिष्ट उष्मा मोठी असल्याने थोडे पाणी बरीच उष्णता उचलून नेते.

विहिरीवरच्या इंजिनाला ही अडचण कधी फारशी जाणवली नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रातल्या असंख्य मळ्यांत डिझेल इंजिने धडधडू लागली. अशा इंजिनाला जोडलेल्या पंपाचेच थोडे पाणी बारीक नळीने इंजिनाभोवती फिरवून पाटात सोडून देत. विहीर शेजारीच असल्यामुळे पाणी परत थंड करण्याची गरज नव्हती. चालत्या गाडीला मात्र विहीर बरोबर नेता येत नाही. मोटारीच्या रेडिएटरचा सारा इतिहास या एका अडचणीतून निघाला आहे.

कार्ल बेंझ यांनी जानेवारी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत सिलिंडरभोवतीचे पाणी सरळ उकळू देत आणि आटले की भर घालत. एक किलो पाण्याची वाफ होताना ते सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता नेते, म्हणून ही पद्धत वाटते तितकी वेडगळ नव्हती. बेंझ यांचे पहिले इंजिन सुमारे पाऊण अश्वशक्तीचे होते. त्याच्या पाण्यात एक किलोवॉट उष्णता जात असे असे धरले, तर तासाला दीड-दोन लिटर पाणी पुरेल. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर, मोटारीने गेल्या. त्या प्रवासात त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. नागपूरच्या घराघरांतला कूलरही बाष्पीभवनाच्याच बळावर चालतो. पण त्याच्या टाकीला पाणी द्यायला घरचा नळ असतो.

आता हीच पद्धत जीपला लावून पाहू. जीप चढावर चाकांना २० किलोवॉट देत असेल, तर पाण्यातही साधारण तेवढीच उष्णता जाते. ती वाफेवाटे घालवायची तर तासाला सुमारे ३२ लिटर पाणी लागेल. जुन्या जीपच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये मिळून पाणी मावते सुमारे १० लिटर. म्हणजे पाणी उकळू लागल्यापासून वीस मिनिटांत सगळे कोरडे. शक्ती वाढली तशी बेंझ यांची पद्धत मागे पडणे अटळ होते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, तर त्याची उष्णता हवेला देणे भाग होते.

हवेला उष्णता देण्याचा नियम जुना आहे. गरम वस्तू किती वेगाने निवते, हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते, असे न्यूटन यांनी १७०१ साली मांडले. फरक दुप्पट झाला, तर निवण्याचा वेगही जवळपास दुप्पट होतो. याशिवाय हवेला लागणारे क्षेत्रफळ जितके मोठे आणि हवा जितकी खेळती, तितकी उष्णता अधिक जाते. क्षेत्रफळ, वाहती हवा आणि तापमानातला फरक या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचा इतिहास सोपा होतो.

क्षेत्रफळाचा प्रश्न विल्हेल्म मायबाख यांनी सोडवला. १९०० साली तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी. एवढ्या मोठ्या इंजिनाला ९ लिटर पाणी पुरू लागले, म्हणजे दर अश्वशक्तीला पाव लिटर. रेडिएटरमागे पंखा असल्याने गाडी हळू चालतानाही हवा खेचली जाई.

पाणी फिरवण्याचे दोन मार्ग होते. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते. केवळ या अभिसरणावर फोर्डच्या 'मॉडेल टी' या गाड्या १९२७ पर्यंत चालल्या. त्यांपैकी पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता, तो नंतर काढून टाकला. पण अभिसरण संथ असते आणि पाण्याची पातळी थोडी उतरली तरी ते तुटते. म्हणून पुढच्या गाड्यांत पंप रुळला. मग उलटी अडचण आली. थंडीत इंजिन नको इतके थंड राही, पेट्रोल नीट जळत नसे आणि झीज वाढे. त्यावर थर्मोस्टॅट आला. ही झडप पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. आधी ती पातळ पितळी भात्यावर चाले. १९३०च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी मेण वितळताना फुगते या गुणावर चालणारी झडप तयार केली. म्हणजे या यंत्रणेचे काम इंजिन थंड ठेवणे एवढेच नाही. इंजिन ठरावीक तापमानावर ठेवणे हे तिचे खरे काम आहे.

आडवाटांच्या गाड्यांची खरी परीक्षा वाळवंटात झाली. राल्फ बॅग्नोल्ड हे ब्रिटिश सैन्यातले अभियंता आणि उडत्या वाळूचे अभ्यासक. १९२०-३०च्या दशकांत त्यांनी लिबियाच्या वाळवंटात मोटारींनी मोहिमा केल्या. तिथे वाफेवाटे गेलेला प्रत्येक थेंब पिण्याच्या पाण्यातून भरून काढावा लागे. त्यांनी रेडिएटरमधून वाफ बाहेर पडण्याची नळी गाडीच्या बाजूला बसवलेल्या, थोडे पाणी असलेल्या डब्यात बुडवली. वाफ डब्यातल्या पाण्यात शिरून पाणी होई. इंजिन निवले की रेडिएटरमध्ये अंशतः निर्वात तयार होई आणि बाहेरचा हवेचा दाब डब्यातले पाणी परत आत ढकली. १९४० साली बॅग्नोल्ड यांनी उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या पथकाने हीच युक्ती वापरली. पुढे वाळवंटात छापे घालणाऱ्या ब्रिटिश पथकांनी आपल्या जीपगाड्यांच्या पुढच्या जाळीच्या बहुतेक पट्ट्या कापून हवेची वाट मोकळी केली आणि समोर असाच डबा बसवला. आजच्या गाडीत रेडिएटरशेजारी असलेली प्लॅस्टिकची बाटली याच तत्त्वावर चालते.

जीप जन्मली तीही याच युद्धात. अमेरिकी सैन्याने १९४० साली हलक्या गाडीची मागणी केली आणि १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्यांचे चार सिलिंडरचे, सुमारे २२०० घनसेंटिमीटरचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. युद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल भारतात विकला गेला, त्यात 'डिस्पोजलच्या' जीपगाड्या आल्या. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे दशकानुदशके जंगल खाते, पाटबंधारे, पोलिस आणि शेतकरी यांची गाडी म्हणून जीप विदर्भभर दिसत राहिली.

आता नागपूरचा हिशोब करू. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मे महिन्यातले ४५ अंश तर इथे नवलाचे नाहीत. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर ठेवायचे आहे असे धरू. डिसेंबरात सकाळी हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात तो ४५ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा डिसेंबरच्या मानाने फक्त ६४ टक्के उष्णता टाकू शकतो. तापलेल्या डांबरावर आणि पुढच्या ट्रकच्या धुरामागे रेडिएटरसमोरची हवा ४५ अंशांहूनही गरम असते. नव्या गाडीत रेडिएटरची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवलेली असते. जुन्या गाडीत ही शिल्लक वर्षानुवर्षे खर्च होत आलेली असते, पण डिसेंबरात ते कळत नाही.

ती खर्च कशी होते? सर्वांत मोठा खर्च क्षारांचा. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन भिंतींवर बसते. हा थर बिडाच्या मानाने वीस-पंचवीस पट वाईट उष्णतावाहक असतो. एक मिलिमीटर थर म्हणजे मधे बिडाची दोन सेंटिमीटर जास्तीची भिंत घातल्यासारखे झाले. बाहेरून रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत गवताचे बी, किडे आणि चिखल अडकतात. फॅन बेल्ट सैल झाला की पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेरा कोणीतरी काढून ठेवलेला असतो. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. २० किलोवॉट उष्णता नेताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर रेडिएटरमधून दर सेकंदाला सुमारे ६०० लिटर हवा जायला हवी. खालच्या रबरी नळीतली स्प्रिंग गंजून गेली, तर पंपाच्या ओढीने नळी चपटी होते. ठिणगी उशिरा पडत असेल, तर जास्त उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते. या सगळ्या गोष्टी आधी तपासायच्या आणि मोठा रेडिएटर घालण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा.

गॅरेजमध्ये पुष्कळदा थर्मोस्टॅट काढून टाकतात. अडकलेला थर्मोस्टॅट बदलायलाच हवा. पण चांगला असेल, तर तापल्यावर तो पूर्ण उघडलेलाच असतो, म्हणून काढून फारसा फायदा नाही. काही इंजिनांत तर तो काढल्यावर आडवाटेची नळी उघडी राहते आणि थोडे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरते. पाणी जोरात धावले तर त्याला निवायला वेळ मिळत नाही, असेही सांगतात. ते बरोबर नाही, कारण तेच पाणी तितक्याच लवकर पुन्हा रेडिएटरमध्ये येते.

तापमानातला फरक वाढवण्याचा मार्ग रेडिएटरच्या झाकणात आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने तिथे उघडे पाणी ९९ अंशांना उकळते. झाकणाच्या स्प्रिंगने दर चौरस इंचाला ७ पौंड जादा दाब धरला, तर ते सुमारे ११० अंशांना उकळेल. ४५ अंशांच्या हवेत फरक ५४ वरून ६५ वर जातो, म्हणजे उकळण्यापूर्वी सुमारे २० टक्के जास्त उष्णता टाकता येते. झाकणाचे रबर कुजले की हा लाभ गेला. मात्र जुन्या पितळी रेडिएटरवर नव्या गाडीचे जास्त दाबाचे झाकण बसवू नये, डाग दिलेले सांधे सुटतात. कूलंटमधले ग्लायकॉलही उत्कलनबिंदू वाढवते आणि गंज रोखते, पण उष्णता वाहून नेण्यात ते पाण्यापेक्षा कमीच. कूलंटमध्ये ऊर्ध्वपातित पाणी मिसळायचे, म्हणजे क्षारांचा प्रश्नच उरत नाही.

याच दाबामुळे तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी १०० अंशांच्या वर असूनही दाबामुळे द्रव राहिलेले असते. झाकण सैल होताच दाब जातो, त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास बीड तडकू शकते. चिखलदऱ्यासारख्या चढावर काटा वर जाऊ लागला, तर आधीच खालचा गिअर टाकावा. वेग कमी होतो, पण इंजिनाचे फेरे वाढल्याने पंखा आणि पंप जोराने फिरतात.

शाळेत हे करून पाहता येईल. झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात २०० मिलिलिटर पाणी ८० अंशांवर घ्या आणि ते ६० अंशांवर यायला किती मिनिटे लागतात ते मोजा. तोच डबा, तीच जागा, तेवढेच पाणी ठेवून प्रयोग डिसेंबरात सकाळी एकदा आणि एप्रिलमध्ये दुपारी एकदा करा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. झाकण विसरू नका, नाहीतर बाष्पीभवनाची भर पडून तुलना बिघडेल. नंतर डब्यासमोर पंखा लावून तिसरा आलेख काढा. एप्रिलमध्ये गेलेले किती पंख्याने परत मिळवता आले, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.