गावाचा हवामान आराखडा आणि आपली वस्ती

हवामान अनुकूलन म्हणजे बदललेला पाऊस, वाढता उन्हाळा आणि पूर यांना तोंड देण्याची आगाऊ तयारी. शेततळी, नाला खोलीकरण, उष्माघाताचा इशारा, टँकरचे नियोजन ही सारी तिचीच कामे. कागदावर ती ‘संपूर्ण गावा’साठी असतात. लाभ मात्र बहुतेक वेळा सातबारा पाहून मिळतो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटीच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्क्यांहून कमी जमीन आहे. लोकसंख्येतला त्यांचा वाटा २०११ च्या जनगणनेत १६.६ टक्के होता. विदर्भ-मराठवाड्यात २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात भूमिहीनांसाठी शेळीपालन होते, हे मान्य. पण ठिबक, शेततळे, फळबाग यांसाठी जमीनच लागते. दुष्काळात शेतकऱ्याचे पीक जाते, तशी मजुराची मजुरीही जाते. तिची भरपाई कोणत्या रकान्यात लिहायची?

उन्हाचेही तसेच. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये देशातील ३७ उष्णता कृती आराखडे तपासले. सर्वाधिक धोका नेमका कोणाला आहे, याची पाहणी त्यांतल्या फक्त दोघांनी केली होती. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ ही सूचना पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने कशी पाळायची?

नुसता ठराव पुरत नाही, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये खुले केले. प्रत्यक्ष पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली.

आज काय करता येईल? पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्याआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्येच भरते. तिथे वस्तीचा हाताने काढलेला नकाशा न्यावा : पाणी कुठे तुंबते, कोणता हातपंप कोणत्या महिन्यात आटतो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरे कोणती. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तेव्हा पैसाच नाही हे उत्तर पुरे पडत नाही. दलित वस्ती सुधार योजनेचा निधी वेगळा. आमच्या पाहण्यात तो बहुधा पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट रस्त्यातच जातो. त्यातून गटार, सांडपाण्याचा निचरा आणि पाण्याची टाकी आधी मागावी. पत्र्यांना पांढरा चुना आणि दुपारी उघडे असलेले, पंखा आणि पाण्याचा माठ असलेले विहार, ही कामे तर लोकवर्गणीतूनही होतात.

आम्ही काम केलेल्या एका गावात टँकर मंजूर झाला, पण तो रोज वरच्या आळीच्या विहिरीत रिकामा व्हायचा. ठरावात फक्त ‘गावात टँकर’ एवढेच लिहिले होते. पुढच्या सभेत बायांनी वस्तीचे नाव आणि टाकीची जागा इतिवृत्तात लिहून घेतली, प्रत मागितली आणि ती विहाराच्या भिंतीवर चिकटवली.